इंग्रजी वाक्प्रचार अंगवळणी कसे पाडायचे: चांगलं इंग्रजी येणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या एका आयटी कंपनीत काम करणारा माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे. इंग्रजी उत्तम, लांबलचक मेल एका बैठकीत लिहितो. एकदा लंडनच्या सहकाऱ्याशी कॉल चालू होता. सहकारी म्हणाला, तुझा रिपोर्ट वाचायला मला दोन दिवसांची रजा काढावी लागली. मुलगा गडबडून माफी मागू लागला, तेव्हा तो हसून म्हणाला, 'आय ॲम ओन्ली पुलिंग युवर लेग.' मुलगा उरलेला अर्धा तास गप्प बसला. संध्याकाळी मला फोन करून म्हणाला, "मी त्याचं काय घोडं मारलंय? सगळ्यांसमोर माझे पाय का ओढतोय?"

शब्द सगळे कळले होते, आणि तिथेच घात झाला. मराठीत पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. इंग्रजीत 'पुल समवन्स लेग' म्हणजे फिरकी घेणं, तीही बहुतेक वेळा आपलेपणाने. त्या सहकाऱ्याने मैत्रीचा हात पुढे केला होता आणि आपल्या मुलाला तो खेचणारा हात वाटला.

हा लेख अशांसाठी आहे. व्याकरण पक्कं, वाचन भरपूर, बोलण्यात अडखळणं नाही, आणि तरीही गप्पांमध्ये एखादं वाक्य डोक्यावरून जातं. इथून पुढे शब्दसंग्रह वाढवून फार फरक पडत नाही. वाक्प्रचाराचा अर्थ पाठ करूनही पडत नाही. तो कोण, कुणाला, कुठल्या प्रसंगी म्हणतं, हे शिकावं लागतं. मराठीत हे आपण नकळत शिकलो. इंग्रजीत जाणूनबुजून शिकायचं आहे.

पहिली पायरी: समजायचे वेगळे, वापरायचे वेगळे

सुरुवातीलाच दोन कप्पे करा. एक ऐकल्यावर समजण्यासाठी, दुसरा स्वतः बोलण्यासाठी. पहिला कप्पा शेकड्यांनी भरू द्या. दुसऱ्यात वर्षभरात तीस-चाळीस गेले तरी पुष्कळ. मराठीचंच बघा. 'अठराविश्वे दारिद्र्य', 'खडे चारणे', 'हातावर तुरी देणे' हे सगळं आपल्याला समजतं, पण काल दिवसभरात यातलं काय बोललो? बहुधा काहीच नाही. त्याउलट 'डोकं खाऊ नकोस' मात्र दोनदा तरी म्हणालो असू. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचंही असंच असतं. त्यामुळे भेटेल तो वाक्प्रचार बोलण्यात आणायचा अट्टहास सोडा.

दुसरी पायरी: निवड

शाळेत आपल्याला 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' शिकवलं. मुसळधार पावसाला ते इतकं चिकटलं की अजूनही आपली मुलं निबंधात तेच लिहितात. इंग्लंडमध्ये ते सगळ्यांना कळतं, पण खिडकीबाहेर बघून माणसं बहुधा 'इट्स पोअरिंग' किंवा 'इट्स चकिंग इट डाउन' असंच म्हणतात. पाठ्यपुस्तकातले अनेक वाक्प्रचार असे एक-दोन पिढ्या मागचे असतात.

म्हणून पाचशे वाक्प्रचारांच्या वर्णानुक्रमे लावलेल्या याद्या बाजूला ठेवा. तुमच्या कानावर जे पडतं तिथूनच वेचा: ऑफिसचे कॉल, बातम्या, क्रिकेटचं समालोचन, तुम्ही ऐकता ते पॉडकास्ट. मी एक साधा नियम पाळते. एखादा वाक्प्रचार दोन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो वहीत घ्यायचा नाही. एकाच माणसाकडून दहादा ऐकला तर ती त्याची लकब असू शकते.

कामाच्या ठिकाणी पहिल्या महिनाभरात हमखास भेटतील असे काही सांगते. 'ऑन द सेम पेज' म्हणजे सगळ्यांची समजूत एकच असणं. 'बॅक टु स्क्वेअर वन' म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. 'द बॉल इज इन युवर कोर्ट' म्हणजे आता काय करायचं ते तुम्ही ठरवा, आमच्या बाजूचं झालं. 'प्ले इट बाय इअर' म्हणजे आधी काही न ठरवता वेळ येईल तसं करणं. 'अ बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा. एवढे जरी नीट बसले तरी अर्ध्या मीटिंगा सोप्या होतील.

तिसरी पायरी: वहीचं एक पान, एक वाक्प्रचार

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून एक पान उघडूनच दाखवते. वाक्प्रचार 'कट कॉर्नर्स'.

सगळ्यात वर, तो जिथे भेटला ते पूर्ण वाक्य: 'दे कट कॉर्नर्स ऑन द वॉटरप्रूफिंग.' नुसता वाक्प्रचार कधीच लिहू नका, वाक्यासकट लिहा. माझ्या पानावर हे वाक्य एका इमारतीच्या बातमीतून आलं. बिल्डरने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे थर कमी दिले आणि पहिल्याच पावसाळ्यात वरच्या मजल्याच्या छताला ओल आली, अशी ती बातमी.

त्याखाली डोळ्यांपुढे येणारं चित्र. रस्ता कोपऱ्यावरून वळतो, पण माणूस कोपऱ्यापर्यंत न जाता मैदानातून तिरका जातो. पोचतो लवकर, पण ठरलेली वाट सोडून.

मग कोण कुणाला म्हणतं. यात ठपका आहे. वेळ किंवा पैसा वाचवायला आवश्यक गोष्ट गाळली, असा. म्हणून साहेबांनी काम लवकर संपवलं की कौतुकाने 'यू कट कॉर्नर्स' म्हणायचं नाही. तो अपमान होईल. स्वतःच्या कामाबद्दल मात्र नकारार्थी ठामपणे म्हणता येतं: 'वी डोन्ट कट कॉर्नर्स ऑन सेफ्टी.'

मग ढाचा. कॉर्नर्स नेहमी अनेकवचनी, आधी 'द' नाही, पुढे 'ऑन'. 'कट' भूतकाळातही 'कट'च राहतं.

शेवटी जवळचं मराठी, आणि त्यातला फरक. मला आधी 'पाट्या टाकणे' सुचलं. पण पाट्या टाकणाऱ्याचं कामात मनच नसतं, तो वेळ भरून काढतो. कॉर्नर्स कट करणारा हिशेबी असतो, काय गाळलं तर काय वाचेल हे त्याला पक्कं ठाऊक असतं. हा फरक वहीत लिहिताना दहा मिनिटं गेली, पण तेव्हापासून तो वाक्प्रचार चुकीच्या जागी कधी पडला नाही. नुसत्या 'अर्थ: हलगर्जी करणे' या ओळीने हे होत नाही.

इतकं सगळं कुठून मिळवायचं? केंब्रिज आणि लॉन्गमनचे शिकणाऱ्यांसाठीचे शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहेत. त्यात वाक्प्रचारापुढे अनौपचारिक, जुना, ब्रिटिश, अमेरिकन असे शेरे असतात. बहुतेकजण अर्थ वाचून पान बंद करतात आणि शेरा बघतच नाहीत. आधी शेरा वाचा. त्यापुढे जायचं तर ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आहे, सुमारे १० कोटी शब्दांचा लिखित आणि बोली इंग्रजीचा संग्रह. त्यात वाक्प्रचार शोधला की खऱ्या वापरातली वाक्यं रांगेने समोर येतात. वीस ओळी वाचा. तो कशाबद्दल म्हणतात आणि कशाबद्दल म्हणत नाहीत, हे कुणी न सांगताच कळतं.

चौथी पायरी: मराठीशी जोडा, पण सावधपणे

आपल्या हातात मोठी ठेव आहे. मराठीत वाक्प्रचारांची इतकी रेलचेल आहे की इंग्रजी वाक्प्रचाराला बहुधा काहीतरी सोयरिक सापडतेच. काही जोड्या तंतोतंत जुळतात. 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर' म्हणजे आगीतून फुफाट्यात. 'पुल द वूल ओव्हर समवन्स आइज' म्हणजे डोळ्यांत धूळ फेकणं, तिथे लोकर, इथे धूळ. 'स्टॅब इन द बॅक' म्हणजे पाठीत खंजीर खुपसणं. 'द आयसिंग ऑन द केक' म्हणजे दुधात साखर.

'टर्न अ ब्लाइंड आय' आणि आपला 'काणाडोळा' ही माझी आवडती जोडी. दोन्हींत एक डोळा न बघणारा. इंग्रजी वाक्प्रचारामागे ॲडमिरल नेल्सनची गोष्ट सांगतात. १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावरच्या लढाईत त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १८०१ मध्ये कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठांनी माघारीचा इशारा दिला, तेव्हा त्याने दुर्बीण त्या आंधळ्या डोळ्याला लावली आणि मला इशारा दिसतच नाही असं म्हणून लढत राहिला. एकदा हे वाचलं की वाक्प्रचारातला मुद्दा विसरत नाही: दिसत असून न बघणं, नजरचुकीने राहून जाणं नव्हे.

आता फसव्या जोड्या. यांच्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा, कारण चांगलं इंग्रजी येणारी माणसं इथेच अडखळतात.

'वॉटर ऑफ अ डक्स बॅक' ऐकलं की पालथ्या घड्यावर पाणी आठवतं. चित्र जवळजवळ सारखं, अर्थ वेगळा. पालथा घडा म्हणजे ज्याला कितीही सांगा, डोक्यात शिरत नाही असा. बदकाच्या पाठीवरचं पाणी म्हणजे टीका किंवा टोमणे, जे मनाला लागत नाहीत. एकात बोलणाऱ्याचे श्रम वाया जातात, दुसऱ्यात ऐकणारा सुरक्षित राहतो. एखाद्या आईने विद्यार्थ्याबद्दलची तक्रार ऐकून 'इट्स वॉटर ऑफ अ डक्स बॅक' म्हटलं तर तिचा मुलगा मंद आहे असं ती म्हणत नाही. त्याला बोलणी लागत नाहीत, एवढंच ती सांगते.

'पुट युवर फूट इन युवर माउथ' आणि तोंडात बोट घालणं यांचा तर काहीच संबंध नाही. आपलं बोट आश्चर्याचं आहे. तिथला पाय म्हणजे बोलू नये ते बोलून बसणं, मयताच्या घरी मयताबद्दल वाकडं बोलण्यासारखं. 'कोल्ड फीट' म्हणजे नुसतं घाबरणं नव्हे. आधी होकार दिलेला असतो, तारीख ठरलेली असते आणि ऐन वेळी अवसान गळतं, तेव्हाच ते लागू पडतं. सापाला बघून कुणाचे फीट कोल्ड होत नाहीत. 'बटरफ्लाइज इन द स्टमक' आणि पोटात गोळा येणं यांतही अंतर आहे. फुलपाखरांत हुरहूर असते, कधी आनंदाचीही. गोळ्यात निव्वळ भीती. रंगमंचावर जाण्याआधी फुलपाखरं, रात्री दोनला फोन वाजला की गोळा.

याची उलटी बाजूही सांभाळा. मराठी वाक्प्रचार शब्दशः इंग्रजीत नेऊ नका. 'डोन्ट ईट माय हेड' भारतात चालून जातं, पण परदेशी माणूस क्षणभर चमकतो. 'पास आउट'चंही तेच. आपल्याकडे अमुक साली पास आउट झालो म्हणजे पदवी मिळाली. बाकी जगात बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ शुद्ध हरपून पडलो. परदेशी कंपनीला पाठवायच्या बायोडेटात हे शब्द असतील तर आजच बदला.

पाचवी पायरी: मुळं शोधा, पण खरी

वाक्प्रचार कुठून आला हे कळलं की तो ध्यानात राहतो. क्रिकेटमधून आलेले तर आपल्याला आयतेच मिळतात. 'ऑन द बॅक फूट' म्हणजे बचावात ढकलला गेलेला. 'स्टिकी विकेट'ला खेळपट्ट्या झाकत नसत त्या काळातली पार्श्वभूमी आहे. पाऊस पडून गेला, वर ऊन पडलं की वाळत्या खेळपट्टीवर चेंडू वेडावाकडा उसळायचा आणि फलंदाजाची पंचाईत व्हायची. म्हणून कठीण परिस्थितीत सापडणं. अमेरिकन माणसांचे वाक्प्रचार मात्र बेसबॉलमधून येतात: 'कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण, 'टच बेस' म्हणजे थोडक्यात संपर्क साधणं, आणि तो वरचा 'बॉलपार्क'. हा खेळ आपल्याला परका, म्हणून हे जास्त कष्टाने लक्षात ठेवावे लागतात. बायबल आणि शेक्सपियर हे आणखी दोन मोठे झरे. 'द रायटिंग ऑन द वॉल', म्हणजे येऊ घातलेल्या संकटाची चाहूल, बायबलमधल्या डॅनियलच्या गोष्टीतून आला, 'द ग्रीन आइड मॉन्स्टर', म्हणजे मत्सर, शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो' नाटकातून.

आणि एक थेट आपल्या नाशिकशेजारून गेला. ब्रिटनमध्ये कुणाचं डोकं फिरल्यासारखं झालं की 'हीज गॉन डूलॅली' म्हणतात. हे डूलॅली म्हणजे आपली देवळाली. ब्रिटिश फौजेचा तळ तिथे होता आणि नोकरी संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे थांबत. जहाजं ठरावीक मोसमातच सुटत, त्यामुळे महिनोन्‌महिने काम नाही, ऊन, ताप आणि कंटाळा. माणसं बिथरायची. आधीचा प्रयोग 'डूलॅली टॅप' असा होता, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळला, गावाचं नाव राहिलं. देवळालीत राहिलेल्या कित्येकांना हे ठाऊक नसतं, याची मला हळहळ वाटते. सूर मात्र ओळखून घ्या: हा शब्द हलक्याफुलक्या, घरगुती बोलण्यातला आहे. खरंच मनोविकाराने आजारी असलेल्या माणसाबद्दल तो वापरू नये.

इंटरनेटवर खोट्या व्युत्पत्त्याही खूप फिरतात. जुन्या काळी गवताने शाकारलेल्या छपरांवर कुत्री-मांजरं बसत आणि पावसात घसरून खाली पडत, म्हणून 'कॅट्स अँड डॉग्ज', ही त्यातलीच एक. तिला पुरावा नाही. गोष्ट जितकी गोळीबंद, तितकी आधी शब्दकोशात तपासा.

सहावी पायरी: साचा मोडू नका

नाकी नऊ येतात, आठ येत नाहीत. तुरी हातावर देतात, तळहातावर नाही. इंग्रजी वाक्प्रचारांचाही असाच हट्ट असतो, आणि मराठीत 'अ', 'द' नसल्यामुळे आपण नेमके तेच गाळतो. बरं नाहीये या अर्थी 'अंडर द वेदर', 'द' हवाच. 'इन द लाँग रन'मध्येही हवा. 'लूझ फेस', म्हणजे नाचक्की होणं, यात मात्र नको.

काही साचे थोडे वाकतात, काही अजिबात नाही. 'स्पिल द बीन्स', म्हणजे गुपित फोडणं, याचं 'द बीन्स वेअर स्पिल्ड' चालतं. 'किक द बकेट', म्हणजे मरणं, याचं 'द बकेट वॉज किक्ड' केलं की वाक्प्रचार मरतो आणि खरोखरची बादली उरते. शंका आली तर ऐकला तसाच वापरा.

सातवी पायरी: कुणासमोर, कुठल्या देशात

'किक द बकेट'वरच थांबूया. अर्थाच्या रकान्यात 'मरण पावणे' असं लिहिलेलं असतं आणि इथेच विद्यार्थी फसतात. 'मरण पावणे' नव्हे, 'गचकणे'. सहकाऱ्याचे वडील गेले असताना मेलमध्ये हा वाक्प्रचार गेला तर ते नातं सावरणं कठीण. तिथे 'पास्ट अवे' लिहायचं, साधं आणि सभ्य. प्रत्येक वाक्प्रचाराच्या पानावर म्हणूनच एक प्रश्न लिहा: हे मी मराठीत आजोबांसमोर म्हणेन का, साहेबांसमोर म्हणेन का, की फक्त मित्रांत? उत्तर आपलं मराठी मन लगेच देतं.

देशाचा फरकही बघावा लागतो. ऐकलेल्यावर पूर्ण विश्वास न ठेवणं या अर्थाचं चिमूटभर मीठ ब्रिटिशांकडे 'पिंच ऑफ सॉल्ट', अमेरिकेत 'ग्रेन ऑफ सॉल्ट'. चहाच्या पेल्यातलं वादळ ब्रिटिश कपात, 'स्टॉर्म इन अ टीकप', आणि अमेरिकन किटलीत, 'टेंपेस्ट इन अ टीपॉट'. दृष्ट लागू नये म्हणून ब्रिटिश 'टच वूड' म्हणतात, अमेरिकन 'नॉक ऑन वूड'. यातलं काहीही म्हणा, समजतं. पण एक जागा धोक्याची आहे. 'लेट्स टेबल धिस' म्हणजे ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेऊया, आणि अमेरिकेत आत्ता बाजूला ठेवूया. अगदी उलट. दोन्हीकडची माणसं मीटिंगमध्ये असतील तर तिथेच विचारून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

आठवी पायरी: कान

छापलेला वाक्प्रचार ओळखता येतो आणि बोललेला निसटतो, कारण मधले छोटे शब्द गिळले जातात. 'पीस ऑफ केक', म्हणजे अगदी सोपं काम, कानावर 'पीसाकेक' असं येतं. बहुतेक वेळा जोर शेवटच्या वजनदार शब्दावर पडतो: 'बाइट द बुलेट', म्हणजे मन घट्ट करून नकोसं काम उरकणं, यात 'बाइट द' पटकन, 'बुलेट' ठसठशीत. यूग्लिश नावाच्या संकेतस्थळावर वाक्प्रचार टाइप केला की यूट्यूबवरच्या व्हिडिओंत लोक तो जिथे बोललेत त्या जागा एकामागून एक ऐकायला मिळतात. पाच जणांकडून ऐका, मग मोठ्याने म्हणा.

नववी पायरी: बोलण्यात आणताना

आठवड्याला एकच घ्या. सोमवारी वहीचं पान भरा. मंगळवार-बुधवारी फक्त ऐका आणि मोठ्याने म्हणा. गुरुवारी आपल्या आयुष्यातल्या खऱ्या प्रसंगावर तीन वाक्यं लिहा, पुस्तकातल्या जॉन आणि मेरीवर नको. सोसायटीच्या गच्चीबद्दल लिहा, मुलाच्या परीक्षेबद्दल लिहा. शुक्रवारी एखाद्या मित्राला मेसेजमध्ये वापरा, कारण लिहिताना विचार करायला उसंत मिळते. बोलण्यात तो पुढच्या आठवड्यात येऊ द्या, आणि एका संभाषणात एकाहून जास्त नको. मिठासारखं आहे हे.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हे मी कळकळीने सांगते. बोलण्याच्या परीक्षेत वरच्या बँडसाठी, म्हणजे वरच्या गुणश्रेणीसाठी, वाक्प्रचारांचा वापर बघितला जातो हे खरं, पण वरच्या टोकाला तो सहज आणि अचूक असावा अशी अपेक्षा असते. चौदा मिनिटांत दहा वाक्प्रचार कोंबले की पाठांतर लगेच उघडं पडतं. दोन नेमके पुरतात. आणि निबंधाच्या लेखी प्रश्नात 'पीस ऑफ केक' नको, तिथली भाषा औपचारिक असते.

समोरच्याने न कळणारा वाक्प्रचार वापरला तर काय? सरळ विचारा: 'सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' त्या पुण्याच्या मुलाला मी हेच सांगितलं. पुढच्या कॉलला त्याने लंडनच्या सहकाऱ्याला विचारलं, आणि मराठीत पाय ओढण्याचा अर्थ काय होतो तेही सांगितलं. सहकारी आधी ओशाळला, मग त्याने स्वतःच्या डायरीत ते लिहून घेतलं. आता मुलाच्या वहीत 'पुलिंग युवर लेग'च्या पानावर तारीख आहे, वाक्य आहे, कोण कुणाला म्हणालं ते आहे, आणि खाली मराठीत एकच शब्द: फिरकी.